लुसीची पात

बाजरीची कापणी झाली की रिकाम्या शेतांतून एक कोरडा, गोडसर वास येतो. दिवसभर तापलेल्या धसकटांचा आणि खळ्यावर मळलेल्या कणसांचा. लोकांना तो वास आवडतो. घरात दाणा येणार असतो, पोरांना नव्या बाजरीची भाकरी मिळणार असते. मला मात्र तो वास आला की कोणीतरी भिंतीपलीकडे खोकतं आहे असं वाटतं. मी हातातलं काम थांबवून ऐकते. कोणी खोकत नसतं.

यंदा हा वास आला आणि त्याच आठवड्यात आमचे नवे फादर माझ्या दारात येऊन उभे राहिले. तरुण आहेत, उन्हात फार लाल होतात. डोंगराच्या पायथ्याशी दोन-तीन पाड्यांवर हिवतापानं माणसं अंथरुणाला खिळली आहेत, लढाईमुळे तापावरचं कोयनेल मिळत नाही, आणि घरातलं प्रत्येकच माणूस तापलेलं असल्यानं पाणी आणायलाही कोणी उठत नाही, असं त्यांनी सांगितलं. "मार्थाबाई, रविवारी मिस्सा झाल्यावर आपल्या मोठ्या मुलामुलींशी बोला. त्यांना उभारी द्या. तुमचं ते ऐकतात."

मी हो म्हटलं. फादर गेल्यावर कितीतरी वेळ उंबऱ्यावर बसून राहिले. उभारी देणं म्हणजे काय, ते मी एकदा अगदी जवळून पाहिलं आहे. ज्यांनी दिली त्यांचं पुढं काय झालं, तेही.

आमची वस्ती म्हणजे दुष्काळानं वसवलेली वस्ती. मोठ्या दुष्काळात ज्यांचं कोणी उरलं नाही अशी पोरं मिशनच्या फादरांनी गोळा केली, त्यांना पेज पाजून वाढवलं, आणि ती मोठी झाल्यावर त्यांची आपसात लग्नं लावून दिली. माझे आईबाप त्यातलेच. ब्राह्मणपुरीच्या वाटेवर एका गावाच्या बाहेर, नाल्याच्या अलीकडे, आमची घरं होती. पलीकडे गाव. आम्ही गावच्या शेतांत मजुरीला जायचो, त्यांच्या बोलीत बोलायचो, आणि पाणी आमच्या विहिरीचं प्यायचो. त्यांच्या विहिरीवर आम्ही जात नसू. आमची सावलीसुद्धा त्यांच्या घागरीवर पडू नये, हे आम्हाला चालायला लागलो तेव्हापासून ठाऊक होतं.

फादर तेव्हा दोन पावसाळ्यांत एकदा यायचे म्हटलं तरी चालेल. आमचं सगळं बघायच्या त्या तेरेजाबाई. संगमनेरकडच्या, विधवा, चष्मा लावणाऱ्या. शाळा त्यांची, प्रार्थना त्यांची, भांडणं सोडवणंही त्यांचंच. त्यांचा मुलगा अंतोन आमच्याच वयाचा होता. त्या साली थंडीत बिशप येणार होते आणि आम्हा मोठ्या मुलांना दृढीकरण, म्हणजे श्रद्धा पक्की करणारा संस्कार, मिळणार होता. म्हणून संध्याकाळी गोंदणीच्या झाडाखाली बाई आमच्याकडून पवित्र आत्म्याची सात दानं घोकून घ्यायच्या.

लुसीला ती सात कधी एका दमात आली नाहीत. शहाणपण, समज, सल्ला, इथपर्यंत ती नीट यायची आणि मग हसू फुटायचं. "बाई, पुढलं दान अजून मला मिळालं नाही," असं म्हणायची. बाईंनाही हसू यायचं. त्या चष्मा पुसायचं निमित्त करायच्या. लुसी माझी मैत्रीण. अंगानं रोड, आवाजानं मोठी, आणि कापणीला बसली की बायांच्या पुढं निघून जाणारी.

त्या साली पाऊस मध्येच थांबला होता. पिकलं ते थोडंच, आणि जे पिकलं त्यावरच वर्ष काढायचं होतं. बाजरी कापायला आली आणि ताप आला. लोक म्हणायचे, आगगाडीनं आणला. नंदुरबारच्या स्टेशनात उतरलेला माणूस घरी पोचेपर्यंत पडायचा, आणि तो उठायच्या आत घर पडायचं. नुसता ताप नव्हता तो. ओठ काळे पडायचे, श्वास घेताना छातीत पाणी उकळल्यासारखा आवाज यायचा. म्हातारी माणसं मरतात तशी त्यात धडधाकट माणसं मरत होती.

नाल्यापलीकडून रोज पहाटे जात्यांची घरघर यायची, ती आधी विरळ झाली आणि मग थांबली. चुलींचा धूर दिसेना. आणि शेतं तशीच उभी. राखायला कोणी नाही म्हटल्यावर पाखरांचे थवेच्या थवे उतरले. दिवसभर त्यांचा कलकलाट चालायचा. इतकी भरल्या पोटाची पाखरं मी पुन्हा कधी पाहिली नाहीत.

आमच्या वस्तीत अजून ताप आला नव्हता. वेगळं राहायला लावलेल्या माणसांना वेगळं राहण्याचा तेवढा एक फायदा झाला. वस्तीतली थोरली माणसं म्हणाली, नाला ओलांडायचा नाही. बाईंनी ते ऐकून घेतलं आणि संध्याकाळी आम्हाला झाडाखाली बोलावलं. त्या दिवशी त्यांनी सात दानं विचारली नाहीत.

"बिशप तुमच्या कपाळाला तेल लावतील," त्या म्हणाल्या. "त्याआधी तुमच्या हातांनी काहीतरी केलेलं असावं, असं मला वाटतं. पलीकडे पीक उभं आहे आणि कापणारे पडले आहेत. तुमच्या आईबापांना कोणी परक्यानं उचललं म्हणून तुम्ही जन्मलात. मी कोणाला जा म्हणत नाही. ज्याला वाटेल त्यानं उद्या सकाळी विळा घेऊन यावं."

मागं लुसीची आई, अग्नेसमावशी, उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. ती पुढं आली. लेकीला आमच्याकडे आंडेर म्हणतात.

"आम्ही मिशनना अन्नवर वाढनूत, ते खरं शे," ती म्हणाली. "म्हनीसन काय आंडेर दी देऊ? पहिले तुन्हा पोऱ्याले धाड."

बाईंचा चेहरा उतरला. पण त्या म्हणाल्या, "अंतोन पहिला जाईल, अग्नेस. तो सगळ्यांच्या पुढं असेल."

अंतोन तिथंच होता. त्यानं आईकडे पाहिलं, आणि मान डोलावली. मावशी लुसीच्या दंडाला धरून तिला घरी घेऊन गेली.

सकाळी आम्ही नाल्यावर जमलो तेव्हा लुसी आमच्या आधी येऊन बसली होती. कमरेला विळा खोवलेला. "आईनं सोडलं?" मी विचारलं. "ती देवळात गेली होती, मी निघून आले," ती म्हणाली, आणि हसली.

पहिले दिवस आम्ही नुसती कापणी केली. शेतं कोणाची ते विचारायलाही कोणी नव्हतं. बाजरीची पानं हातांना चिरतात, घामानं चिरा झोंबतात. प्रत्येकानं आपली पात, म्हणजे कापायची ओळ, धरायची आणि शेवटपर्यंत न्यायची. लुसी गाणी म्हणायची, प्रार्थनेची आणि लग्नातली सारख्याच चालीवर. खरं सांगायचं तर आम्ही आनंदात होतो. चहूकडे माणसं मरत असताना आनंदात असणं चांगलं नाही हे कळत होतं, तरी होतो. त्या वयात आपण कोणाच्या तरी उपयोगी पडतो आहोत, ही भावना दारूसारखी चढते. आज मुलांच्या चेहऱ्यावर ती चढताना दिसली की मला भीती वाटते आणि हेवाही वाटतो.

एका दुपारी शेताला लागून असलेल्या घरातून लहान पोराच्या रडण्याचा आवाज आला. बराच वेळ आला. लुसीनं पात तशीच सोडली आणि गेली. मी तिच्या मागं. ओट्यावर पाच-सहा वर्षांची एक पोरगी रडत बसली होती. आत अंधारात तिची आजी पडलेली, दुसऱ्या बाजूला आईबाप. बाप आता हलत नव्हता.

"कोन शे वं?" आतून म्हातारीनं विचारलं. काशीबाई तिचं नाव, ते मागून कळलं.

"मी लुसी. नालाना पलीकडली."

"मिशननी?"

"हा."

मग काशीबाई म्हणाली, "पानीले हात नको लावू."

तोंडाला कोरड पडून जीभ बाहेर आलेली, आणि बाई हे म्हणाली. मी दारातच थिजले. लुसी मात्र खाली बसली, त्या पोरगीच्या समोर.

"नही लावत, माय," तिनं आत सांगितलं. "तुन्ही नात भरी. मी नुसतं सांगसू." आणि पोरगीला विचारलं, "तुन्हं नाव काय?"

"सखू."

"सखू, ऊठ. तांब्या ले."

असं ते सुरू झालं. लुसी ओट्याच्या कडेवर बसून सांगायची आणि सखू करायची. माठातलं पाणी सखूनं काढलं, आजीच्या तोंडाला सखूनं लावलं, आईच्या तोंडाला सखूनं लावलं. चुलीत काटक्या सखूनं घातल्या. "आते काय करू?" ती दर वेळी दारात येऊन विचारायची. "आते फुक. जोरमा फुक." धुरानं पोरीचे डोळे लाल व्हायचे. पेज उतू गेली, एकदा गाडगं फुटलं. लुसीनं एकदाही आत हात घातला नाही. तिचे हात मांडीवर आवळलेले असायचे, आणि मला दिसायचं की ते धावून जायला बघताहेत.

सखूचा बाप संध्याकाळपर्यंत तसाच होता. त्याला उचलायला गावातले चार जण मिळेनात. कोणीतरी भिंतीआडून अंतोनला आणि आमच्या मुलांना म्हणालं, तुम्हीच न्या. मुलांनी नेला. मेलेल्याला आमचे हात चालले. अंतोन परत आला तेव्हा त्यानं आपले तळहात माझ्यासमोर धरले आणि नुसता बघत राहिला.

मग लुसी रोज सकाळी कापणी करायची आणि दुपारी सखूकडे जायची. सखूची आई गेली. काशीबाई बेशुद्धीत बरळायची, पण तिचा श्वास चालू होता. एका संध्याकाळी परत येताना नाल्याच्या वाळूत लुसी खाली बसली. "पाय दुखतात," म्हणाली. मी हात दिला तर तिचा हात चुलीजवळ ठेवलेल्या तव्यासारखा लागला. विळा कुठं आहे विचारलं, तर तिला आठवेना. त्यांच्या ओट्यावर राहिला असेल, म्हणाली.

तिच्या आजारपणाबद्दल मी फार लिहू शकत नाही. आवाजानं मोठी असलेल्या त्या मुलीच्या तोंडून शेवटी आवाज निघत नव्हता. अग्नेसमावशी तिच्याजवळून उठली नाही. बाई दारात आल्या तर मावशीनं दार लावून घेतलं. बाई बाहेर भिंतीला टेकून माळ जपत बसल्या. दिवसभर बसल्या.

फादर यायला वेळ होता, म्हणून बाभळीखाली लुसीला पुरताना प्रार्थना बाईंनीच वाचली. मग एकेकानं मूठभर माती टाकली. बाईंनी मूठ भरली तेव्हा मावशी म्हणाली, "तू नको टाकू." ओरडली नाही. आपण पोराला, तिकडे जाऊ नको, म्हणतो तशा आवाजात म्हणाली. बाई मुठीत माती घेऊन तशाच उभ्या राहिल्या. सगळे परतले तरी मी मागं वळून पाहिलं तेव्हा त्या उभ्याच होत्या, मूठ मिटलेली.

अंतोनला काही झालं नाही. तो सगळ्यांच्या पुढं होता, प्रेतं त्यानं उचलली, आणि त्याला साधी शिंकही आली नाही. त्याचं जगणं बाईंना लपवावं लागे. पाण्यासाठी त्याला हाक मारायची झाली तर त्या आधी मावशीच्या दाराकडे बघत, आणि मग स्वतःच घागर उचलत.

वस्तीतल्या सगळ्या आईबापांनी मुलांना घरात घेतलं. माझ्या बापानं माझा विळा आढ्याला खोवून ठेवला. कोणी बाईंना वाईट बोललं नाही. बोलणंच बंद केलं. दुसऱ्या दिवशी बाई आणि अंतोन दोघंच नाला उतरून गेले. बाईंना कापणी येत नव्हती. आयुष्यभर खडू धरलेला हात. पहिल्याच दिवशी त्यांनी बोट कापून घेतलं आणि चिंधी बांधून पुन्हा वाकल्या. आमच्या अंगणातून त्या दोन आकृती दिसायच्या, आणि भोवती उभं पीक आणि वर पाखरं.

मग ताप जसा आला तसा गेला. गावात निम्मीअधिक घरं रिकामी करून गेला. एका सकाळी अग्नेसमावशी आमच्या दारात आली. "लुसीना इळा लेवाले जासू," ती माझ्या आईला म्हणाली. "मार्थाले संगे धाड. तिले घर ठाऊक शे."

आम्ही गेलो. काशीबाई ओट्यावर उन्हाला बसली होती. हाडं तेवढी उरली होती. मावशी अंगणात उभी राहिली. "मी लुसीनी माय," तिनं सांगितलं.

काशीबाईनं तिच्याकडे बराच वेळ पाहिलं. "बैस," म्हणाली. मग आतून तांब्या आणला, आणि मावशीनं ओंजळ पुढं केली. काशीबाईनं वरून, हाताला हात लागणार नाही इतक्या उंचीवरून पाणी ओतलं. कायम ओततात तसंच. मावशी ते प्यायली, आणि पदरानं तोंड पुसून तिनं विचारलं,

"शेवटला दिन तिनी काही खादं व्हतं का?"

"माले काय ठाऊक, बाई," काशीबाई म्हणाली. "मी बेसुध व्हती." तिला खरंच वाईट वाटत होतं. तिचा हात तांब्यावर नुसता फिरत होता.

दाराच्या आडून सखू म्हणाली, "खादी. मी थापेल भाकर खादी तिनी. कच्ची व्हती तरी खादी."

मावशीचा सगळा चेहरा त्या पोरीकडे वळला. तेवढ्यात काशीबाईनं विचारलं, "हातमा दिन्ही का खाले ठेवी?"

सखू आजीकडे बघत राहिली. तिच्या घरात आता ती आणि आजी दोघीच उरल्या होत्या.

"खाले ठेवी," ती म्हणाली.

मावशी उठली. विळ्याचं तिनं विचारलंही नाही. आम्ही अंगणाबाहेर पडून शेताच्या बांधापर्यंत आलो तेव्हा मागून पावलं वाजली. सखू धावत येत होती, हातात विळा. तिनं तो मावशीच्या हातात दिला. मूठ नीट धरली गेली आहे ना हे बघेपर्यंत तिची बोटं मावशीच्या बोटांवर होती. मग ती पळत परत गेली.

मावशी बांधावर उभी राहिली. समोर ते शेत होतं. लुसीनं शेवटच्या दुपारी जिथं पात सोडली होती तिथपर्यंत धसकटं, आणि पुढं उभी बाजरी. कणसं पाखरांनी केव्हाच रिकामी केली होती. हलवली तर भुसा उडत होता. उभा होता तो नुसता कडबा. गुरांना तेवढा उपयोगी.

"मावशी, घर जाऊत ना," मी म्हटलं.

"तिनी पात आर्धी सोडी दियेल शे," ती म्हणाली, आणि वाकली.

ऊन चढेपर्यंत तिनं ती पात कापली. मी मागून पेंढ्या बांधल्या. पेंढ्या तिथंच ठेवून आम्ही परतलो. तेरेजाबाईंशी ती त्यानंतरही बोलली नाही, त्या बदली होऊन गेल्या तेव्हाही नाही. तिनं क्षमा केली असं मी कोणाला सांगणार नाही. गावानं आमच्यासाठी विहीर उघडली असंही सांगणार नाही. ती आजही बंदच आहे. बिशप थंडीत आले. आमच्या कपाळांना तेल लागलं. रांगेत माझ्या पुढं लुसी असायची, म्हणून मी पुढं एका माणसाची जागा सोडून उभी होते.

परवाच्या रविवारी मी हे सगळं मुलांना सांगितलं. फादरांनी मला उभारी द्यायला सांगितलं होतं. मध्येच ते अस्वस्थ होऊन उभे राहिले आणि पुन्हा बसले. मी काही गाळलं नाही. चांगलं काम करणाऱ्याला देव राखतो असं सांगण्याचा मोह झाला होता. ते सांगितलं असतं तर सगळे हात वर झाले असते. मी म्हटलं, "पाड्यावर पाणी भरायचं आहे, आजाऱ्यांना साफ करायचं आहे. ते तुमचे आभार मानतील असं नाही. तुम्हाला ताप येईल असंही नाही आणि येणार नाही असंही नाही. मी जाणार आहे. ज्याला यायचं त्यानं घरी विचारून यावं."

काही मुलं गुपचूप निघून गेली. मला त्यांचा राग आला नाही. काही थांबली. त्यात मोनिका होती, अंगानं थोराड, बोलताना अडखळणारी. तिची आई कातरीन दारात उभी होती, चौकटीला धरून. बाकीचे गेल्यावर ती माझ्यापाशी आली.

"बाई, तिले काही व्हयनं तर?" तिनं विचारलं.

गोंदणीच्या झाडाखाली तेरेजाबाईंचा चेहरा का उतरला होता, ते मला तेव्हा कळलं. त्यांनी आपला मुलगा पुढं केला होता. माझ्याकडे पुढं करायला कोणी नाही. "मी तिच्यासंगं असेन," मी म्हटलं. "याहून जास्त मला काही सांगता येत नाही, कातरीन."

ती पोरीला घेऊन गेली.

सोमवारी सकाळी आम्ही पाड्यांच्या वाटेवरच्या नदीवर जमलो. मुलं थोडीच होती, त्यांच्याकडे घागरी, गाडगी, जुनी धोतरं. मोनिका येणार नाही असं मी धरून चालले होते. मग वाटेवर दोघी दिसल्या. कातरीन तिला पोचवायला आली असेल असं मला वाटलं. मी मोनिकाला आपल्या शेजारी उभं केलं आणि कातरीनला म्हटलं, "जा आता. संध्याकाळी आणून सोडते."

तिनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. लुगड्याचा काचा वर खोचला, पोरीच्या डोक्यावरची घागर काढून आपल्या कमरेवर घेतली, आणि आमच्या सगळ्यांच्या आधी ती पाण्यात उतरली.